नातीचं स्टार्टअप आणि बायकोची म्हैस

स्टार्टअप हा शब्द आमच्या गल्लीत कधी शिरला ते मला सांगता येणार नाही, पण शिरला तो असा की आता काढता निघत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला माझ्या लग्नाच्या आधीपासून चहा विकतो. त्यानं मध्यंतरी टपरीला नवा रंग दिला आणि पाटीवर 'चहा स्टार्टअप' असं लिहून घेतलं. चहा तोच, कपही तेच, कान तुटलेले. पलीकडच्या घरातला पोरगा पदवी घेऊन घरात बसला, तर त्याची आई विचारणाऱ्याला सांगते, "त्येचं स्टार्टअपचं चाललंय." म्हणजे तो दुपारपर्यंत झोपतो. लग्नं जुळवणारी बाई मुलीच्या बापाला विचारते, "नोकरीवाला बघू का स्टार्टअपवाला?" बाप म्हणतो, "नोकरीवालाच बघा बाई, स्टार्टअपवाला आमच्या घरात एक हाय की पाळलेला."

मी स्वतः चौथी शिकलो, त्यातही चौथी दोनदा. जन्मभर मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा, आमच्याकडं रवे म्हणतात त्या, पाठीवरून वाहिल्या. त्यामुळे नवा शब्द आला की मी तो आधी उचलून बघतो, जड आहे का पोकळ. स्टार्टअप मला पोकळ वाटला. धंदा म्हणायला काय होतं? आमच्यात माणूस दुकान काढतो, नारळ फोडतो, पावण्यांना पेढे वाटतो, चाललं तर चाललं. त्याला इंग्रजी टोपी कशाला घालायची? असं मी तालमीच्या कट्ट्यावर मोठ्यानं बोललोही होतो. मग तो शब्द बॅगा घेऊन माझ्याच घरी राहायला आला.

माझी नात पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. एका दुपारी दारात उभी राहिली. आमच्याकडच्या पोरी 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. पुण्यात राहूनही तिचं ते गेलं नव्हतं.

"आज्जा, नोकरी सोडून आलो."

"का गं? कुणी काय बोललं?"

"कोण काय बोलणार? स्टार्टअप करणार हाय मी."

"म्हंजे उद्यापास्नं दुपारपतोर झोपणार म्हण की."

ती हसली आणि बॅगा ओढत आत गेली. माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, त्या रात्री जेवताना मान वर केली नाही. तो फौंड्रीत सुपरवायझर आहे. नोकरी सोडणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. सून तेवढी म्हणाली, "येऊ दे की. घर नुस्तं गप पडलंय."

घर गप पडलं होतं ते माझी बायको गेल्यापासून. आणि इथं म्हशीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमच्या घराच्या मागं गोठा आहे. एकेकाळी भरलेला असायचा, शेवटी एकच म्हैस उरली. ती माझी नव्हती, बायकोची होती. वैरण मी आणायचो, शेण सून काढायची, पण धार दोन्ही वेळची बायकोच काढायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हैसही नाही आणि बायकोही नाही. सकाळ-संध्याकाळ त्या वेळेला मी तालमीच्या कट्ट्यावर गप्पा मारत असायचो. घरी यायचो तेव्हा दूध चुलीवर आणि भाकरी ताटात.

बायको गेली. पाहुणे-रावळे गेल्यावर मी चरवी घेऊन म्हशीखाली बसलो, तर तिनं अशी लाथ मारली की चरवी एकीकडं, मी एकीकडं. कासेला हात लावला की अंग आकसून घ्यायची, दूध वर ओढून धरायची. मुलानं बघितलं, सुनेनं बघितलं, कुणालाच दाद नाही. जनावरांचा डॉक्टर आला, सगळं तपासलं आणि म्हणाला, म्हशीला काही झालेलं नाही, ती माणूस शोधतीया. एवढं कळायला डॉक्टर कशाला पाहिजे? मीही तेच करत होतो.

आमच्या गोठ्याच्या भिंतीला लागून एका शिंप्याचं दुकान आहे. मुसलमान आहे, माझा लहानपणापासूनचा दोस्त. तालमीत एकाच मातीत लोळलो. तो म्हणाला, "गड्या, वैनीचं लुगडं पांघरून बस. जुनी माणसं असंच करायची."

गोठ्यात नेसायचं तिचं एक लुगडं खुंटीवरच होतं. ती गेल्यापासून ते कुणी काढलं नव्हतं. त्याला पेंडेचा वास होता, शेणाचा होता, आणि तिचा होता. मी ते अंगावर घेतलं, पदर डोक्यावरून ओढला आणि बसलो. म्हशीनं मान वळवून हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग सोडला पान्हा. पुरता नाही, निम्मं द्यायची आणि निम्मं चोरायची. पण लाथ बंद झाली. त्या दिवसापासून दोन्ही वेळेला मी लुगडं पांघरून गोठ्यात बसायला लागलो. दार लावून, अर्थातच.

मुलानं मात्र एकदा दार उघडलं. दार पुन्हा ओढून परत गेला. दोन दिवसांनी मला म्हणाला, "आबा, म्हैस इकूया."

"का?"

"निम्मं दूध देतीया. वैरण आख्खी खाती."

"ते मलाबी दिसतंय. खरं सांग."

त्यानं गोठ्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "मला बघवत न्हाय. गोठ्यात शिरलो की वाटतंय आई बसलीया. जवळ जातोय तर मिशा दिसत्यात."

मला हसू आलं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून गिळलं. मी म्हणालो, म्हैस जायची नाही. तो म्हणाला, जाईल. त्यानं गडमुडशिंगीच्या एका पावण्याला आणून म्हैस दाखवलीही. पावण्यानं दात बघितले, कास बघितली, सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बायको असती तर तिनं न बोलता आधी पाण्याचा तांब्या पुढं केला असता.

हे सगळं नात बघत होती. त्याच संध्याकाळी ती गोठ्यात येऊन बसली.

"आज्जा, धंदा म्हंजे काय, सांगा बरं."

"माल घ्यायचा, इकायचा, पोट भरायचं."

"बरोबर. आता स्टार्टअप ऐका. आधी लोकांची एक अडचण शोधायची, अजून कुणी धडपणे सोडवली न्हाय अशी. मग तिच्यावर आपण उत्तर काढायचं. ते चालंल का न्हाय हे आपल्यालाबी ठाऊक नसतंय. म्हणून थोडक्यात करून बघायचं. चाललं तर दणक्यात वाढवायचं, एका गावातनं दहा गावांत. न्हाय चाललं तर लवकर सोडायचं आणि दुसरं धरायचं."

"म्हंजे ज्येची खात्री न्हाय असला धंदा. मग गल्लीतलं समदंच स्टार्टअप हाय की!"

"न्हाय न्हाय. चहावाल्याला ठाऊक हाय, लोकं चहा पित्यात. त्येला नुस्ता चहा करायचाय. स्टार्टअपवाल्याला ठाऊकच नसतंय की लोकांना त्येचा माल पायजे का न्हाय. ते शोधून काढायचं हेच त्येचं काम. एकदा सापडलं, घडी बसली, की मग त्येला स्टार्टअप म्हणत न्हाईत. कंपनी म्हणत्यात."

आता हे मला उचलता आलं. म्हणजे गाभण म्हैस. पोटात आहे एवढं कळतं, पण रेडा का रेडी, दूध किती, काही कळत नाही. आणि एकदा व्याली की तिला कुणी गाभण म्हणत नाही. मी तसं बोलून दाखवलं तर नातीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "पुण्यात आमच्या सायबाला एवढं नीट सांगता आलं न्हवतं," म्हणाली. मला चढवत होती, पण चढलो मी.

"आणि लय म्हंजे लय मोठं झालं ना आज्जा, तर त्येला युनिकॉर्न म्हणत्यात. एका शिंगाचा घोडा."

"घोड्याला शिंग कुठनं आलं?"

"नसतंयच. म्हणून तर नाव दिलंय, असलं क्वचित घडतंय म्हणून."

"आमच्या म्हशीला दोन हाईत, आणि खरी हाईत. त्येचं काय ते बघा म्हणावं."

मग मी तिला विचारलं, तुझी अडचण कुठली? घरात तर अडचणींना तोटा नाही. ती म्हणाली, दूध. फ्लॅटमधल्या माणसाला आपण पितो ते दूध कुठून आलं, त्यात काय आहे, ह्याची धाकधूक असते. तर आपण म्हैसच त्यांच्या दारात न्यायची. त्यांनी मोबाईलवर सांगायचं, आपण सोसायटीच्या गेटावर त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच भांड्यात धार काढून द्यायची.

मी एवढा हसलो की म्हैस दचकली. "अगं येडे, माझा बा हेच करायचा! म्हैस घेऊन दारोदार फिरायचा. बायका तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या. ह्यात तुझं नवं काय?"

मला वाटलं ती हिरमुसेल. उलट खूश झाली. "लय बेस! म्हंजे उत्तर चालतंय ह्येचा पुरावा घरातच हाय. पण त्येंना कुठल्या दारात कधी, किती दूध लागतंय हे कळायला आख्खं आयुष्य गेलं असंल ना? मोबाईलवर ते एका संध्याकाळी कळतंय. ते एका गल्लीत फिरत हुते, मी आख्ख्या कोल्हापुरात म्हशी फिरवीन."

माझा बाप त्या एका गल्लीतच फिरून म्हातारा झाला होता, हे खरं होतं.

ती चार गोठेवाल्यांकडं जाऊन आली. सगळ्यांनी चहा पाजला आणि एकच सांगितलं, आधी तुमची म्हैस नेऊन दाखवा. मग तिनं एका नव्या सोसायटीत बोलणी केली. रविवारी संध्याकाळी करून दाखवायचं ठरलं. आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, रविवारी म्हशीनं गेटावर पान्हा सोडला तर म्हैस राहणार. माझी पहिली म्हैस म्हणून. न्हाय सोडला तर सोमवारी टेम्पोत मी स्वतः चढवीन."

मुलानं माझ्याकडं बघितलं. "आबा, कबूल?"

मी कबूल म्हणालो. कबूल म्हणताना तोंडातून शब्द गेला आणि मग लुगडं आठवलं. गोठ्यात दार लावून बसणं वेगळं, आणि सोसायटीच्या गेटावर? मी नातीला सांगितलं, माझ्यानं जमायचं नाही. ते भिंतीपलीकडं ऐकू गेलं. शिंपी बोलला.

"लेका, लंगोटावर आख्ख्या गावासमोर मैदानात उभा राह्यलाईस. तवा लाज न्हाय वाटली?"

"ते येगळं."

"येगळं म्हंजे? लुगड्यात कापड जास्तच हाय की लंगोटापेक्षा."

शिंप्याशी कापडावरून वाद घालू नये.

रविवारी निघालो. पुढं नात, मोबाईल कानाला लावून. मागं मी, कासरा हातात. माझ्या मागं म्हैस आणि तिचं रेडकू, आणि सगळ्यात शेवटी शिंपी, रविवारचा चांगला शर्ट घालून, जणू वरातीला निघालाय. सुनेनं लुगडं पिशवीत घालून दिलं होतं. मुलगा येणार नाही म्हणाला होता.

गेटावर वॉचमननं अडवलं. "कुणाकडं जायचंय?"

"हितंच. गेटावर."

"रजिस्टरला नोंद करा. नाव, गाडी नंबर."

शिंपी म्हणाला, "गाडी न्हाय, पावणं, म्हैस हाय. नंबर शेपटीखाली बघा." वॉचमन खरंच वाकला.

हळूहळू माणसं जमली. बायका स्टीलची भांडी घेऊन आल्या. पोरं आली. एक सद्‌गृहस्थ सेक्रेटरी होते, ते हात मागं बांधून उभे राहिले. नातीनं दोन शब्द बोलून घेतले, हे आमचं स्टार्टअप, ही आमची म्हैस, हे आमचे आज्जा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हैस टाळ्यांना बिचकली, पण उभी राहिली.

मी पिशवीतून लुगडं काढलं आणि उघडलं, तर मोगऱ्याचा वास आला.

सुनेनं ते धुतलं होतं. नुसतं धुतलं नव्हतं, वासाच्या पाण्यात घालून, वाळवून, इस्त्री करून घडी घातली होती. मामा, म्हणजे मी, लोकांत जाणार, कळकट लुगडं कसं पाठवू, असं तिला वाटलं. माझ्याच मानासाठी केलं तिनं. तिला काय बोलणार? पण त्या लुगड्यात माझी बायको जेवढी उरली होती तेवढी बादलीतून मोरीत गेली होती. मी तिथंच, माणसांत, ते तोंडाला लावून हुंगलं. काही नाही. मोगरा.

तरी पांघरलं. पोरं खिदळली. कुणीतरी मोबाईल वर धरला. मी खाली बसलो. म्हशीनं मान वळवली, हुंगलं, फुर्र केलं आणि मान फिरवली. रेडकू लावून बघितलं. कासेला हात लावला, तर दगड. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "नसेल देत." नात माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण नुसतं चिकटवल्यासारखं. आणि मला गेटाच्या बाहेर मुलगा दिसला. येणार नाही म्हणाला होता तो आलाच होता. स्कूटरवर बसून बघत होता.

मी म्हशीच्या पोटाला कपाळ लावलं आणि म्हणालो, "बाय, उद्या टेम्पो येतोय गं."

तेवढ्यात शिंपी माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. "अरे, मुका का बसलाईस? वैनी कधी मुकी बसायची का?"

"मंग काय करायची?"

"बोलायची की. धार सुरू हुण्यापास्नं संपंपतोर बोलायची."

"म्हशीशी?"

"मंग कुणाशी? तू तर कट्ट्यावर."

"काय बोलायची?"

शिंपी इकडंतिकडं बघून म्हणाला, "तुला शिव्या घालायची."

सारा जन्म ही बाई माझ्याशी मोजकं बोलली. मला वाटायचं, स्वभावच कमी बोलायचा. "मला कधी सांगितलं न्हाईस ते?"

"मला सांगत हुती व्हय ती? म्हशीला सांगायची. भिंत पातळ हाय त्यात माझा काय दोष?"

"सांग आता. काय म्हणायची?"

मग तो कानात सांगायला लागला आणि मी मोठ्यानं म्हणायला लागलो, बायकोच्या सुरात, जमेल तसं.

"बाय, ऐकलंस का, म्हातारं आज परत चपला दारात उलट्या टाकून गेलंय."

म्हशीचा कान हलला.

"चहा पितंय का पंप चालवतंय? पलीकडच्या गल्लीत ऐकू जातंय."

पोरं हसली. बायकाही हसायला लागल्या. शिंपी पुढचं सांगत होता. तोंडपाठ होतं त्याला.

"कोथिंबीर आण म्हटलं तर मेथी घिऊन आलंय. वर मला म्हणतंय, हिरवंच हाय की!"

"खरंय, आमचेपण असेच आहेत!" मागून एक बाई म्हणाली. सेक्रेटरींनी हात मागचे पुढं घेतले.

"रातचं झोपेत कुस्ती खेळतंय, बाय. काल मला कांबळ्यासकट खाली पाडलं, आणि सकाळी मलाच इचारतंय, तू खाली का झोपलीस?"

हे मला ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली होती, उकडत होतं म्हणून खाली झोपलो. लोक पोट धरून हसत होते. म्हशीनं मात्र मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. मागचा पाय थोडा मागं सरकवून उभी राहिली, धारेला उभी राहायची तशी. मी शिंप्याला म्हणालो, "अजून."

शिंपी कानाशी आणखी वाकला. मग हळू म्हणाला, "शेवटी रोज येकच म्हणायची." आणि ते सांगितलं.

मी म्हणालो, "म्हातारं अजून आलं न्हाय कट्ट्यावरनं. गार भाकर त्येच्या घशाखाली उतरत न्हाय, बाय. दे लवकर, मला तवा ठेवायचाय."

हातातली कास भरत आली. दगड होता तो मऊ झाला, आणि पहिली धार चरवीच्या तळाला वाजली. निम्मं नाही. पुरतं. बायको असतानाचं. मी काढत राहिलो आणि लोक हसायचे थांबले. लुगड्याचा पदर बरा होता, तोंड झाकायला.

एक लहान पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून माझ्यासमोर वाकली. "आजोबा, तुम्ही स्वतःलाच का रागवताय?"

"मी न्हाय गं, माझी बायको रागावतीया."

"कुठं आहे ती?"

शिंप्यानं तिचा पेला घेऊन माझ्यापुढं धरला. मी फेसासकट भरून दिला. तिला पांढऱ्या मिशा आल्या आणि ती प्रश्न विसरली.

त्या दिवशी गेटावर सगळ्यांची भांडी भरली. मोबाईलवर नोंदणीही झाली. पण तेवढ्यात म्हशीनं सोसायटीच्या नावाच्या पाटीखाली भलामोठा पो टाकला, आणि सेक्रेटरी म्हणाले, "दूध उत्तम आहे हो. पण हे रोज?" नात तोंड उघडून उभी. तेव्हा मुलगा स्कूटरवरून उतरला, आत आला, कुठूनतरी सिमेंटची रिकामी पिशवी आणली आणि शेण हातानं भरलं. परत जाताना कासरा माझ्या हातातून घेतला आणि म्हैस घरापर्यंत त्यानंच आणली.

सोमवारी गडमुडशिंगीचा पावणा टेम्पो घेऊन आला. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "पावणं, च्या घ्या आणि जावा. म्हैस इकायची न्हाय." पावणा भडकला. ह्या वेळी मी त्याला पाणी विचारलं, चहाबरोबर फरसाणही दिलं. जाताना तो टेम्पोत बसून म्हणाला, ह्या घरात एकाचं एक धड नाही. त्यात तो चुकला असं मला म्हणता येत नाही.

स्टार्टअपचं म्हणाल तर, म्हैस दारात न्यायची कल्पना अजून दोन-तीन सोसायट्यांत चालली आणि शेणावरून बंद पडली. मला वाटलं, संपलं, आता पोरगी रडणार. ती रडली नाही. म्हणाली, म्हैस लोकांकडं जात नसेल तर लोक म्हशीकडं येतील. तिच्या धंद्यात ह्याला दिशा बदलणं म्हणतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. आमच्यात दुकान बंद केलं की माणूस महिनाभर मागच्या गल्लीनं जातो. हे मला त्यांचं आवडलं. आता मोबाईलवर वेळ ठरवून फ्लॅटमधली माणसं पोरंबाळं घेऊन गोठ्यावर येतात, धार बघतात, पेला पितात, किटली भरून नेतात. आमचा गोठा आहे, ते चार गोठेवालेही आता तयार झालेत. चालेल का, मला माहीत नाही, तिलाही नाही. कट्ट्यावर कुणी विचारलं, काय आज्जा, नातीचं स्टार्टअप कुठवर आलं, की मी सांगतो, गाभण हाय अजून, घाई करू नगा.

धार आता मुलगा काढतो. फौंड्रीतून आला की हातपाय धुतो आणि चरवी घेऊन बसतो. लुगडं लागत नाही त्याला. शिव्या मात्र लागतात. त्यानं त्या शिंप्याच्या दुकानात बसून शिकून घेतल्या आहेत. मी संध्याकाळचा कट्टा सोडला आणि गोठ्याबाहेर खाट टाकून बसतो. आत पोरगा बापाला शिव्या घालतो, बाहेर बाप ऐकतो, आणि दूध घेऊन जाणारी माणसं आमच्याकडं चमकून बघत जातात. कधी चुकला तर मी खाटेवरून ओरडतो, "आरं, आधी चपला, मंग चहा!"

परवा त्यानं सगळं म्हणून घेतलं. मग त्याच सुरात म्हणाला, "आणि बाय, आई गेल्यापास्नं म्हातारं जेवताना बोलतच न्हाय. ताटात बघतंय आणि उठतंय."

ही शिवी त्याच्या आईची नव्हती, त्याची स्वतःची होती. धार वाजत राहिली. म्हशीला चालली.

जेवायला बसलो तेव्हा मी आमटीचा भुरका मारला, चांगला आवाज करून, आणि म्हणालो, "मीठ कमी हाय."

सुनेनं मिठाचा डबा आपटून माझ्यापुढं ठेवला. "मीठ बरोबर हाय, मामा. तुमची जीभ म्हातारी झालीया."

"जीभ न्हवं, तुझा हात आखडलाय."

मुलगा खाली मान घालून हसत होता. नात म्हणाली, "घ्या, सुरू झालं." आणि मी दुसरी भाकरी मागून घेतली.